अक्काच्या कॅसेटवरची अकरा मिनिटं

तुमच्या सदरात लोक अमावास्या, चिंचेचं झाड, पांढरी साडी असलं बरंच लिहितात. मी ते जेवताना वाचतो आणि खरं सांगायचं तर हसतो. मला कुणी मसणवटीत खाट टाकून दिली तरी मी तिथं घोरत पडेन. माझा धंदाच तसा आहे... पंचवीसेक वर्षं मुरूम गावात फोटो स्टुडिओ आणि लग्नाची शूटिंग. "फोटोत मागं कुणीतरी उभं आहे" म्हणून घाबरत आलेल्या कितीतरी जणांना मी सांगून परत पाठवलंय की बाबा, ही फ्लॅशची चकाकी आहे, घरी जा आणि जेव. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही मला हसलात तर माझी तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

माझ्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत एक जुनाट कॉम्प्युटर आहे. त्याला नेट नाही, त्याच्यावर दुसरं कसलं काम नाही. त्यात एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे, 'व्हिडिओ इन'वालं. व्हीसीआरमधून पिवळ्या पिनेची वायर त्या कार्डात जाते आणि कॅसेटवरचं चित्र फाइल होऊन हार्ड डिस्कवर उतरतं. हल्ली यूएसबीचे छोटे डबे मिळतात, पण जुनी कॅसेट जरा थरथरली की ते मान टाकतात. माझं कार्ड निभावून नेतं. कॅसेट तीन तासांची असली तर तीन तास बसून राहायचं, घाई चालत नाही. जोडणी माझी ठरलेली आहे — व्हीसीआरची एक वायर जुन्या टीव्हीला, दुसरी कार्डाला. टीव्हीवर कॅसेट दिसते, मॉनिटरवर फाइलमध्ये काय उतरतंय ते दिसतं. दोन्हीकडे एकच चित्र असतं. असायलाच पाहिजे, कॅसेट एकच आहे!

गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, माझी भाची प्रतीक्षा ढोकीहून आली. दीड महिन्यावर तिचं लग्न होतं. पिशवीतून तिनं एक कॅसेट काढली आणि म्हणाली, मामा, ही आईच्या लग्नाची, हळदीच्या दिवशी मोठ्या पडद्यावर लावायची, आईला सांगितलेलं नाही. ती 'आई' म्हणते ती तिची सावत्र आई. बाई चांगली आहे, तिनंच प्रतीक्षाला वाढवलं. सख्खी आई, म्हणजे माझी शोभाअक्का, प्रतीक्षा सहा महिन्यांची असताना गेली. पोरीकडं तिचा एक फोटो आहे, तोही पासपोर्ट साइजचा.

कॅसेट मी हातात घेऊन उलटी केली. ती मी ओळखली. मागच्या कडेला माझ्या हातानं लावलेली चिकटपट्टी अजून तशीच होती, नुसती पिवळी पडलेली.

ते आता सांगतो. अक्काचं लग्न मीच शूट केलं होतं. नवा नवा खांद्यावरचा कॅमेरा, पहिलंच मोठं काम, तेही बहिणीचं. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकची एक चिमुकली पट्टी असते. ती मोडली की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. अक्काची कॅसेट सासरी देताना मी ती मोडून दिली. कॉपी काही केली नाही, कारण आमच्या घरी व्हीसीआरच नव्हता. पुढं दोन वर्षांनी अक्काला कावीळ झाली. ऐन हंगाम, सासरचा ट्रॅक्टर उसाच्या खेपांना लागलेला. आज नेऊ, उद्या नेऊ करत चार दिवस गेले आणि पाचव्या दिवशी धाराशिवच्या वाटेवर ती गेली. कुणी मारलं नाही, त्यामुळं कुणाचं नाव घेता येत नाही. ऊस मात्र सगळा वेळेत गेला.

त्याच उन्हाळ्यात दाजींचं दुसरं लग्न ठरलं आणि शूटिंगला निरोप कुणाला आला असेल? मला. घरचाच माणूस म्हणून. माझे वडील म्हणाले, पोरगी त्यांच्या घरात आहे, सोयरीक तोडून चालायचं नाही, जा. मी गेलो. लग्नाच्या ऐन तोंडावर एका कॅसेटची फीत कॅमेऱ्यात अडकून चुरगळली, दुसरी आदल्या दिवशीच्या हळदीत भरलेली. अक्षता पाऊण तासावर. मी कॅसेटसाठी कुणाला तरी बाजारात धाडत होतो, तेवढ्यात अक्काची सासू आतून ती कॅसेट घेऊन आली.

"नवी कशाला? ही घरात पडूनच हाय की. आता ती कोन बघनार हाय?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. फोटोवाला वेगळा होता, फोटो निघालेच असते. पण शूटिंग अर्धवट राहिली तर चार गावांत माझं नाव खराब होईल, हे माझ्या डोक्यात आधी आलं. मोडलेल्या पट्टीच्या जागी चिकटपट्टी लावली की कॅमेऱ्याला वाटतं पट्टी आहे. ही युक्ती सासूला कुठं ठाऊक असणार? ती मला ठाऊक होती. लावली... आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. घरी आल्यावर वडिलांना सांगितलं, अक्काच्या कॅसेटला बुरशी लागली, फेकून दिली म्हणे त्यांनी. प्रतीक्षा मोठी होऊन विचारायला लागली तेव्हा तिलाही हेच सांगितलं.

तर ती कॅसेट आता मी माझ्या हातानं व्हीसीआरमध्ये घातली. मनात म्हटलं, घाबरायचं काय, वर दुसरं लग्न आहे, खालचं कधीच पुसलंय. व्हिडिओची फीत ही पाटी नव्हे, की पुसलं तरी जुनी अक्षरं पुसट दिसतील. नवं घेताना आधीचं साफ जातं. प्रतीक्षा शेजारी स्टुलावर बसली. टीव्हीवर दाजी दिसले, मॉनिटरवरही दाजी. वीसेक मिनिटं सगळं सुरळीत.

मग टाक आला. दुसरेपणाच्या बायकोच्या गळ्यात पहिलीच्या नावानं चांदीचा टाक घालतात, त्यांच्यात तो मंगळसूत्राच्या आधी घालतात. ते दृश्य मीच जवळून घेतलेलं. टीव्हीवर सासूनं टाक नव्या सुनेच्या गळ्यात बांधायला घेतला, आणि मॉनिटरवर... अक्का होती.

मी आधी वायरी बघितल्या. खरंच बघितल्या, सवयीनं. टीव्हीवर दुसरं लग्न चाललेलं, मॉनिटरवर आमचं अंगण, आमचा मांडव, हिरव्या चुड्यातली अक्का. चित्र स्वच्छ, त्या जुन्या कॅमेऱ्याचं कधीच नव्हतं इतकं. एकाच कॅसेटमधून, एकाच वेळी. कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून आमच्या आत्यांचा कालवा ऐकू येत होता. अक्का बायकांत बसली होती, मग तिनं वर बघितलं, थेट कॅमेऱ्याकडं, म्हणजे माझ्याकडं.

"जेवलास का रं? सकाळपासनं उभाच हायस."

हे ती तेव्हा खरंच म्हणाली होती. मी विसरलो होतो.

प्रतीक्षानं माझं मनगट धरलं. ती हळूच म्हणाली, "ही शोभा ना?" सख्ख्या आईला पोरगी नावानं हाक मारत होती, शेजारच्या बाईला मारावी तशी, कारण तिला दुसरं काही म्हणायची सवयच कुणी लावली नव्हती. मी मान हलवली. अक्का हसली, पदर सावरला, कुणाचं तरी लेकरू मांडीवर घेतलं. प्रतीक्षा पुटपुटली, "आवाज असा होता व्हय..." कॅप्चरचा, म्हणजे फाइल उतरण्याचा, आकडा बरोबर अकरा मिनिटं पुढं सरकला आणि मॉनिटरवर पुन्हा दाजी आले, अक्षता पडत होत्या.

मी लगेच कॅप्चर थांबवून फाइल उघडली. सगळं दुसरं लग्न. टाक दिसतोय, सासू गाठ मारताना दिसतेय. अक्का कुठंच नाही. कॅसेट मागं घेऊन पुन्हा लावली. दुसरं लग्न. तिसऱ्यांदा लावली तेव्हा प्रतीक्षा म्हणाली, "राहू द्या मामा. बुरशीची कॅसेट ती हीच ना?"

खोटं बोलायला जागा होती. म्हणता आलं असतं, सासूनंच कुणाकडून तरी करून घेतलं, ती म्हातारी आता सांगायला कुठं आहे. पण नाही जमलं. सगळं सांगितलं, चिकटपट्टीसकट. ती ऐकत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं.

"आजी अडाणी होती मामा, तिला काय म्हणू? तुमाला तर सगळं कळत होतं. तुमचीच बहीण होती."

कॅसेट पिशवीत घालून ती उठली. फाइल न्यायला आणलेला पेन ड्राइव्ह तिनं नेला नाही. मी स्टँडवर सोडायला निघालो तर म्हणाली, मी जाईन. उमरग्याला बस बदलून ती एकटीच गेली.

त्यानंतर मी डोकं खाजवायचं बाकी ठेवलेलं नाही. कार्ड काढून साफ केलं, दुसऱ्या कॅसेट लावल्या, हार्ड डिस्क कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासली. सोलापूरच्या एका जाणकार दोस्ताला विचारलं. तो म्हणाला, कॅसेटच्या शेवटी न पुसलेला तुकडा राहिला असेल. असेल बाबा, पण मग तो मधेच कसा आला? आणि टीव्हीवर का नाही दिसला? दुसरा म्हणाला, तुझ्या मनात होतं म्हणून तुला दिसलं. प्रतीक्षाच्या मनात तर नव्हतं. तिनं अक्काचा आवाज जन्मात ऐकला नव्हता, आणि त्या दिवशी स्टुलावर बसून ऐकला. याचा उलगडा माझ्याकडं नाही, कुणाकडं असेल तर कळवा. मी वाद घालणार नाही.

लग्नाची पत्रिका आली, पोस्टानं. मी गेलो. अंगात नवा सदरा, डोक्याला फेटा बांधून घेतलेला. गुरुजींनी हाक दिली, मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं. मी दोन पावलं पुढं झालो. तोवर सावत्र आईचा भाऊ प्रतीक्षाचा हात धरून आतून बाहेर आला होता. तिनं माझ्याकडं बघितलं, ओळखीचं हसली आणि पुढं गेली. ड्रोन, दोन कॅमेरे, लाइट, सगळा थाट होता. एक शूटिंगवाला पोरगा माझ्यासमोर येऊन अदबीनं म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हता का? फ्रेममधी येताय."

मी बाजूला झालो.