सात नंबरचं गाणं

वाईच्या स्टँडजवळ माझं ई-सेवा केंद्र आहे. सातबारा, आधार, परीक्षेचे अर्ज, असली रोजची कामं. नाथाजी आबा पेन्शनसाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला यायचे. मशीनवर अंगठा टेकवायचे आणि ओरडून विचारायचे, "राजेश्वरी, हाय का मी अजून?" ओरडून, कारण त्यांना स्वतःचाच आवाज नीट ऐकू यायचा नाही. सगळी नोकरी पलटणीच्या बँडात, मोठ्या ड्रमच्या पुढ्यात बसून गेली. उजवा कान तिथंच गेला.

यंदा ते अवेळीच आले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "डाक्टर म्हणला, डावा बी चाललाय. दिवाळीपतूर टिकंल असं वाटत न्हाई. तवर मला एक गाणं ऐकायचंय. इंटरनेटवर इकत मिळतं म्हणं. घिऊन दे."

"कुठलं गाणं?"

"सात नंबर."

मी कपाळाला हात लावला. मग थोडं थोडं करून उलगडलं. साहेबांच्या मेसमध्ये नाचाची संध्याकाळ असली की बँडवाले कूचगीतं बाजूला ठेवत आणि स्विंग वाजवत. म्हणजे जुनं, इंग्रजी, झुलतं नाचाचं संगीत. त्याच्या कागदांना नंबर होते. बँडमास्तर 'सात उचला' म्हणाले की सगळे सात उचलायचे. गाण्याचं नाव विचारायची कुणाची टाप नव्हती. आबा त्यात सॅक्सोफोन वाजवायचे.

"आबा, उभा जन्म वाजवलंत, मग आता ऐकायचं काय राहिलंय?"

"वाजवणाऱ्याला गाणं ऐकाय मिळत न्हाई, पोरी. मी मात्रा मोजत बसायचो. आपला तुकडा आला की फुकायचं, झाला की गप बसून परत मोजायचं. आख्खं गाणं साहेबलोकांनी ऐकलं. आमी न्हाई." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले. मला त्यांची फार दया आली आणि दया आली की मी चिडते, हा माझा स्वभाव. म्हटलं, "ठीक आहे, बसा, शोधू."

नुसतं 'स्विंग' टाकलं तर बागेतले झोपाळे आले. पुढं 'म्युझिक' जोडलं तर गाण्यांचा डोंगर कोसळला. फुकट ऐकायच्या जागा होत्या, महिन्याचं भाडं भरून ऐकायच्या होत्या, एकेक गाणं कायमचं विकणारी परदेशी दुकानंही होती. त्यांच्याकडे जुन्या तबकड्यांवरून साफ करून घेतलेले संच होते. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. एका दुकानाला माझं कार्ड चालेना, दुसऱ्याला भारतात विकायची परवानगी नव्हती. तिसऱ्याकडून कसाबसा एक जाडजूड संच घेतला. आबा रोज दुपारी यायचे, डाव्या कानाला हेडफोन लावून बसायचे आणि प्रत्येक गाण्याला मान हलवायचे, "न्हाई. ह्ये न्हाई." लोक दाखल्यांसाठी खोळंबायचे, मी त्यांच्यावर खेकसायचे. आठवडा गेला तसे आबा माझं साधं बोलणंही दोनदोनदा विचारायला लागले. कान खरंच चालला होता.

मग मला सुचलं, की फोनपुढं चाल गुणगुणली तर तो गाणं ओळखतो. मी फोन आबांच्या तोंडापुढं धरला. आबांनी डोळे मिटले, मांडीवर बोटं नाचवत मनापासून गुणगुणले. फोन म्हणाला, काही सापडलं नाही. परत गुणगुणले. परत नाही. पाचव्या खेपेला त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "ह्येला काय कळतंय! मी झोपेत बी चुकायचो न्हाई ह्यात!"

चुकत ते नव्हतेच. पण मी ऐकत होते आणि मला राहवेना. दोन सूर, मग बराच वेळ काही नाही, मग परत तेच दोन सूर खालच्या पट्टीत. याला कुणी गाणं म्हणेल का? मी भीतभीत विचारलं, "आबा, ही गाण्याची चाल आहे की तुमचा तुकडा?"

आबांचं तोंड उघडंच राहिलं. शेताच्या बांधावर, आंघोळीला, नातवाला झोपवताना, निवृत्तीनंतर इतकी वर्षं त्यांनी सात नंबर म्हणून जे गुणगुणलं, ती नुसती साथ होती.

"चाल लालासाहेबाकडं हुती," ते हळू म्हणाले. "ट्रम्पेट त्येचा. भोंग्याच्या तोंडाला वाटी लावून बारीक वाजवायचा. त्यो तर गेला गं." आणि माझ्या दुकानात, सगळ्यांसमोर, ते रडले.

लालासाहेबांची बायको धोंडुबाई सांगलीजवळ माधवनगरला लेकाकडं राहते, एवढं आबांना माहीत होतं. मी दुसऱ्याच दिवशी दुकानाला कुलूप लावलं. साताऱ्याला गाडी बदलून आम्ही सांगलीला गेलो. वाटभर आबा मधूनमधून डाव्या कानाजवळ चुटकी वाजवून बघत होते.

धोंडुबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. आमचं येण्याचं कारण ऐकून त्यांना हसू आलं. "आवं भावजी, त्यापायी एवढ्या लांब आलासा? रजेवर आलं की 'सात नंबर ऐक' म्हणून चुलीपुढं बसून त्येच वाजवायचं. दात पडल्यावर त्वांडानं म्हणायचं. माझ्या भाकरी त्येच्यावरच थापल्या जायच्या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आम्ही अमेरिका धुंडाळत होतो आणि गाणं माधवनगरला भाकरी थापत होतं.

पहिल्यांदा त्या लाजल्या आणि मध्येच हसल्या. दुसऱ्यांदा पदर सावरून, डोळे खाली घालून त्यांनी जाड्या, घोगऱ्या आवाजात चाल म्हटली. फोननं क्षणात गाणं ओळखलं. मी तिथंच ते विकत घेतलं. या खेपेला कार्डही अडलं नाही. नाव इंग्रजीत होतं, पण आबांनी ते वाचायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

हेडफोन आबांच्या कानाला होता, पण आवाज मी इतका चढवला होता की बाहेर आम्हालाही ऐकू येत होतं. सुरुवातीला ड्रम आणि जाड्या तारांचं घुमणारं वाद्य. आबांची मान डोलायला लागली. मग त्यांचा तुकडा आला, तशी बोटं मांडीवर पळाली आणि चेहरा असा उजळला, की मलाच भरून आलं. धोंडुबाईंनी एकदम माझा हात धरला. "आलं बघ! ह्येच, असंच बारीक वाजवायचं!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ट्रम्पेट खरंच विलक्षण होता.

आबांनी डोळे उघडले आणि विचारलं, "लालासाहेबाचं कवा सुरू हुतंय?"

ट्रम्पेट केव्हाच सुरू झाला होता. बारीक सूर त्या कानातून आधीच गेले होते. आम्ही त्यांना एवढ्या लांब आणून परत त्यांचा तोच तुकडा ऐकवत होतो. आबांनी माझ्याकडे बघितलं, मग धोंडुबाईंच्या ओल्या डोळ्यांकडे बघितलं आणि समजायचं ते समजले. हेडफोन काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "चांगलं हाय," म्हणाले. "लय चांगलं हाय." मला त्या क्षणी त्या डॉक्टरचा, त्या ड्रमचा आणि स्वतःचा, सगळ्यांचा राग आला.

धोंडुबाई उठल्या. हातावरची फोलपटं झटकून आबांच्या डाव्या बाजूला येऊन बसल्या आणि त्यांच्या कानाशी वाकून त्या जाड्या आवाजात पहिल्यापासून चाल म्हणायला लागल्या.

सवयीनं आबांची बोटं हलली. मग ती मांडीवर थांबली. आबा मात्रा मोजत नव्हते. ते नुसतं ऐकत होते.

चाल संपली तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, परत एकदा."