केळीच्या सोपात बांधलेले हार

फुलांच्या धंद्यात शिल्लक म्हणून काही राहत नाही. सकाळचा माल संध्याकाळी कचरा. आमच्या दुकानात मात्र एक माल कधी विटला नाही, तो म्हणजे किस्से. ते साठतच गेले. घरात चार पाहुणे आले आणि चहाचं आधण चढलं की कोणीतरी म्हणतंच, "तो बैलांचा सांगा." मग बैलांचा सांगितला की टोपीचा सांगावा लागतो. आता तुम्हीच विषय काढलात, तर बसा निवांत.

दुकान अमरावतीत, देवळाच्या वाटेवर. बाग वडाळीकडे, विहिरीसकट. दुकानावर माझे सासरे, म्हणजे मामाजी. बागेत माझे यजमान. आत बसून हार ओवायला सासूबाई, म्हणजे आत्याबाई. त्या गिऱ्हाइकाशी कधी बोलत नसत, बोटंच चालत. आणि चौथी मी, मोर्शीहून नवी आलेली सून. माझं लग्न झालं आणि जर्मनीच्या दुसऱ्या लढाईमुळे सगळंच महाग झालं. जोंधळा मिळायची मारामार, तिथे वेणी कोण घेतो? माझ्या पायगुणाबद्दल शेजारणी काय बोलल्या ते सांगत नाही.

*

मोर्शीला आमची संत्र्यांची बाग. आमच्याकडे फळ नाकाला लावल्याशिवाय कोणी घेत नाही, देत नाही. पहिल्याच सकाळी माझ्यापुढे मोगऱ्याचं टोपलं आलं. मी सवयीनं ओंजळ भरली आणि डोळे मिटून छान लांब श्वास घेतला.

डोळे उघडले तर समोर मामाजी उभे.

"सूनबाई, देवाचं फूल हुंगत नसतात."

मामाजींनी शांतपणे विचारलं, "किती हुंगलं?"

खोटं बोलता येईना. "सगळंच," मी म्हटलं.

आत्याबाईंचा हात सुईसकट थांबला. सगळं टोपलं बाद! मामाजींनी टोपलं उचललं. मग यजमानांना म्हणाले, "याचे गजरे बांधा अन् थेटराकडं घेऊन जा. थितं कोणी इचारत नाही."

हे निघाले, ते तासाभरात रिकामं टोपलं घेऊन परत. देवळाच्या दारात कधी मिळाला नव्हता तो भाव मिळाला होता. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या सकाळी मामाजींनी एक टोपलं माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "सूनबाई, हे बी हुंगून द्या."

*

पुढे सूत मिळेनासं झालं. कापडालाच कंट्रोल, तिथे हारवाल्याला सूत कोण देणार? मामाजींनी आपलं एक जुनं धोतर काढलं आणि त्याचे दोरे उसवत बसले. त्या दोऱ्यांत एका मोठ्या घरच्या लग्नाचे हार झाले. हार गेल्यावर आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "नवरदेवाच्या गळ्यात धोतर बांधणारे तुमीच पयले."

दुसरं धोतर उसवायचं तर मामाजींना नेसायला काही उरत नव्हतं. यजमान अंजनगावला जाऊन केळीची सोपं, म्हणजे खोडावरची सालं, घेऊन आले. सोप वाळवून, चिरून त्याचा दोरा करायचा. ओला असला की चिवट, वाळला की तटकन तुटतो. हे आम्हाला पहिल्याच गिऱ्हाइकाच्या गळ्यात कळलं. मग मामाजींनी नियम केला की हार भिजवूनच द्यायचा.

त्या वर्षी अमरावतीतले सगळे नवरदेव मांडवात निथळत उभे होते. एका लग्नात नवरीकडच्या एका म्हातारीनं नवरदेवाचा ओला सदरा पाहिला आणि शेजारणीला म्हणाली, "पोरगा समजदार दिसते. आतापासूनच घाम फुटून राह्यला."

*

याच सुमाराला अकोल्याहून पत्रं यायला लागली. मामाजींचे धाकटे भाऊ, म्हणजे अकोल्याचे काका, तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दुकान बंद करा, बाग मक्त्यानं द्या, पोराला माझ्या हाताखाली लावतो, सगळे अकोल्याला या. दर पत्रात हेच. मामाजी पत्र मोठ्यानं वाचत आणि टोपलीखाली ठेवत. "दसऱ्यापर्यंत पाहू," म्हणत.

मला अकोल्याला जायचं नव्हतं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. चार माणसं एका चटईवर बसून, गुडघ्याला गुडघा लावून ओवत असायचो, बोलत असायचो, आणि मला ते फार आवडायला लागलं होतं. अकोल्यात ह्यांना काट्यावर, मला चुलीवर बसावं लागलं असतं. आत्याबाईंना काय वाटत होतं ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

दसऱ्याच्या आधी पोळा. यजमानांना युक्ती सुचली. माणसं हार घेत नाहीत तर बैलांना विकू. आजूबाजूच्या खेड्यांत फिरून त्यांनी बैलजोड्यांचे हार ठरवून घेतले. आम्ही दोन दिवस पाठ टेकली नाही.

पोळा भरला. बैल तोरणाखाली ओळीनं उभे राहिले. सोप ओलं, गोड वासाचं. पहिल्या बैलानं मान वळवली आणि शेजारच्याचा हार ओढला. मग त्याच्या शेजाऱ्यानं त्याचा. तोरण तुटायच्या आत एकाही बैलाच्या गळ्यात हार उरला नाही. झेंडू तेवढा थुंकून टाकला होता.

संध्याकाळी एक पाटील रागारागानं दुकानावर आले. "तुमचे हार आमच्या बैलायनं खाल्ले."

यजमान उठून आत जायच्या बेतात होते. मामाजी म्हणाले, "पाटील, अमरावतीत असा एक हारवाला दाखवा, ज्याचा माल बैलाले बी पसंत पडला."

पाटलांनी पुढल्या वर्षासाठी दुप्पट हार सांगितले. एक घालायला आणि एक खायला.

*

उन्हाळ्यात विहीर खाली गेली आणि बागेत फूल कमी, पाला जास्त. हारात दोन फुलं आणि बाकी मरवा, दवणा, तुळस. एका वकिलांनी हार उचलून उलटसुलट पाहिला. "यातली फुलं कुठं गेली?"

"लढाईवर," मामाजी म्हणाले.

वकिलांनी हार घेतला.

*

आता टोपीचा. नवे डिप्टी कमिशनर साहेब गावात येणार होते आणि एका रावबहादुरांनी आमच्याकडे हार सांगितला. एवढं मोठं काम त्या सालात पहिलंच. आम्ही चौघांनी जीव ओतला. पांढरा निशिगंध, मधून लाल गुलाब, खाली गोंडा.

स्टेशनावर यजमान स्वतः हार घेऊन गेले. साहेब डब्यातून उतरले. रावबहादूर पुढे झाले, हार उचलला आणि तो साहेबांच्या हॅटवरच अडकला. ती भेंडाची सोला हॅट, तिची कड परातीएवढी. आम्ही जन्मभर पागोट्याच्या आणि टोपीच्या मापानं हार केलेले. हार खाली येईना, आणि रावबहादूर काढायला गेले तर हॅट बरोबर यायला लागली. साहेबाला बिचाऱ्याला वाटलं, इकडची पद्धतच अशी असेल. तो हॅटवर हार घेऊन बँडपुढून चालत गेला.

रावबहादूर आठ दिवस आमच्या गल्लीतून गेले नाहीत. मामाजींनी मात्र धडा घेतला. मोठा हार सांगायला कोणी आलं की पहिला प्रश्न ठरला. "टोपी कोणती?"

महिन्याभरानं एक तरुण आला. इकडेतिकडे पाहत, हळू आवाजात म्हणाला, "हार पायजे. एक जण जेलातून सुटून येऊन राह्यले."

मामाजींनी सुई खाली ठेवली. "टोपी कोणती?"

तरुण दोन पावलं मागे सरकला. "काका, तुमी कवापासून पोलिसात?"

मामाजींना त्याला बसवून, पाणी पाजून हॅटची सगळी कहाणी सांगावी लागली. हार मात्र त्यांनी फुकट दिला. वर म्हणाले, "पांढरी टोपी असली तर काही अडचण नाही. थे हलकी असते, हारातून सुखानं निंगते."

*

हे सगळं सांगताना हसू येतं, पण पत्रं यायची थांबली नव्हती. पहिला दसरा ढकलला, दुसराही ढकलला. दुसऱ्या दिवाळीनंतर काका स्वतःच आले. जिनिंगचा हंगाम सुरू होत होता, ह्यांची जागा आणखी धरून ठेवता येणार नव्हती. मामाजींनी या वेळी "पाहू" म्हटलं नाही. दुपारच्या गाडीनं निघायचं ठरलं.

सकाळी आम्ही सगळे दुकानावर गेलो, ते सामान आवरायला. पाट, टोपल्या, पाण्याचं घंगाळ. यजमान सवयीनं बागेतून जाईच्या कळ्या घेऊन आले होते. झाडांना कोणी सांगितलं नव्हतं. मी तोंड फिरवून टोपल्या रचत राहिले.

आमच्या घरात एक रीत होती. विकायच्या टोपलीतलं फूल घरच्या बायकांनी माळायचं नाही. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून पाळत होते. आत्याबाई तीस वर्षं पाळत होत्या. शेजारपाजारच्या वेण्या त्यांच्या हातच्या, त्यांचा अंबाडा मात्र कायम रिकामा.

मामाजी पाटावर बसले. आपल्या हातांनी कळ्या घेतल्या, सोपाचा दोरा भिजवला आणि एक गजरा बांधला. बांधायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला. मग उठून आमच्या सगळ्यांसमोर तो आत्याबाईंपुढे धरला.

"घ्या. आता दुकान नाही राह्यलं. आता माळायले हरकत नाही."

आत्याबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला. काका घड्याळाकडे पाहत होते. मला वाटलं, आता माळतील. मला रडूच आलं.

तेवढ्यात देवळाकडे निघालेली एक बाई दारात थांबली. "गजरा देता का वो?"

आत्याबाईंनी मान वर केली.

"एक आणा," त्या म्हणाल्या.

बाईनं आणा दिला, गजरा माळला आणि गेली. आत्याबाईंनी दिवसाच्या पहिल्या विक्रीचा तो आणा कपाळाला लावला, पाट ओढून दाराशी मांडला आणि त्यावर बसल्या.

"बोहनी झाली," मामाजींकडे न पाहता त्या म्हणाल्या. "बोहनी झाल्यावर दिवे लागल्याबिगर दुकान बंद करत नसतात. तुमचाच कायदा हाय."

मामाजींनी पाण्याचं घंगाळ पुन्हा जागेवर ठेवलं. मग मला म्हणाले, "सूनबाई, टोपल्या खाली घ्या."

काकांनी घड्याळ खिशात टाकलं. "बरं वहिनी, मंग उद्याच्या गाडीनं निघू?"

"उद्या बी बोहनी होईन," आत्याबाई म्हणाल्या आणि कळ्यांवरचं ओलं फडकं बाजूला केलं.