आजोबांचं चुकलेलं निदान

सई आणि ओम, तुमचे आजोबा गेले त्याला आता सहा आठवडे होतील. त्या सकाळी तुम्ही दोघं फोनच्या पडद्यावर झोपायच्या कपड्यांत उभे होतात, कारण तुमच्याकडे रात्र होती. मागच्या रविवारी सईने मला विचारलं, "आजी, आजोबा रिटायर झाल्यावर दिवसभर करायचे काय?" मी म्हटलं, "होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे." पलीकडे हसू फुटलं. तुम्हाला वाटलं, आजी गंमत करते आहे. त्यात तुमची चूक नाही. तुम्ही पाहिलेले आजोबा खुर्चीत बसलेले, चहाचा कप दोन्ही हातांनी धरून ओठांपर्यंत नेणारे. त्याआधीचा माणूस तुम्हाला भेटलाच नाही. म्हणून हे लिहिते आहे. फोनवर सांगायला गेलं की मध्येच तुमचा आवाज तुटतो... कधी कधी माझाही.

आजोबांची सगळी नोकरी डोंबिवलीच्या एका कारखान्यात, विजेच्या देखभालीच्या खात्यात झाली. मी ठाण्याला इंग्रजी शाळेत गणित शिकवायचे. माझं शिक्षण इंग्रजीतून, त्यांचं नगरपालिकेच्या मराठी शाळेत. भांडण रंगलं की मी इंग्रजीत शिरायची आणि ते शांतपणे पंखा पुसायला घ्यायचे. निवृत्तीनंतर पहिले दोन महिने त्यांनी घरातली प्रत्येक गोष्ट उघडून बघितली. मिक्सर, इस्त्री, दारावरची घंटा. मी हात जोडले आणि म्हटलं, "अहो, जरा बाहेर पडा." तेव्हा आमच्या डोंबिवली पश्चिमेच्या घरापासून खाडी रिक्षाने दहा मिनिटांवर होती आणि खाडीवर पूल व्हायचा होता. पलीकडच्या गावांत जायला तरीची होडी असायची. आम्ही दोघं एका संध्याकाळी नुसतंच फिरायला म्हणून त्या होडीत बसलो. होडी बाळारामची. बाळाराम तिथल्याच गावचा, वडिलांच्या वेळेपासून खाडीत मासे मारणारा आणि भरतीच्या वेळा बघून माणसं पलीकडे सोडणारा. पलीकडे उतरून आम्ही चहा घेतला, परत येऊन बसलो, त्याने चावी फिरवली आणि काहीच झालं नाही.

होडीतली माणसं लगेच सल्ले द्यायला लागली. आजोबांनी चपला काढल्या आणि इंजिनापाशी जाऊन बसले. "दिवा लागतो का?" त्यांनी विचारलं. बाळारामने लावून दाखवला, मिणमिणता लागला. "आता चावी फिरव, आणि सगळे गप्प बसा." दिवा विझायला आला आणि आतून कट्-कट्-कट् असा आवाज झाला. आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, तो थर्मास दे." माझ्या थर्मासमध्ये उकळलेलं पाणी होतं, कारण मी बाहेरचं पाणी पीत नाही. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी ते सगळं बॅटरीच्या टोकांवर हळूहळू ओतलं. तिथे पांढरी-हिरवी भुकटी जमली होती ती वाहून गेली. मग टोकं खरवडली, आवळली, आणि इंजिन सुरू झालं. बाळाराम म्हणाला, "काका, तुमी कंच्या बोटीवर होता?" आजोबा म्हणाले, "कुठल्याच नाही. मला पोहतासुद्धा येत नाही."

तिथून पुढे बारा वर्षं ते आठवड्यातून तीन-चारदा खाडीवरच्या त्या बंदरावर जात. बाळारामच्या होडीतलं इंजिन मोडीत निघालेल्या टेम्पोचं होतं. जुन्या इंजिनांना हँडल मारता येतं, याला ती सोय नव्हती. चावीवर फिरलं तर फिरलं. तुम्हाला हे थोडं समजावून सांगते, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे. चावी फिरवली की बॅटरीतली वीज एका छोट्या पण ताकदवान मोटरला जाते. बंदरावर तिला 'सेल्फ' म्हणतात. ती सेल्फ मोठ्या इंजिनाला गरगर फिरवते, मग इंजिन स्वतःच्या बळावर चालायला लागतं. इंजिन फिरलंच नाही तर दोष बॅटरीत असेल, सेल्फमध्ये असेल, नाहीतर वीज जाण्याच्या किंवा परत येण्याच्या वाटेत असेल. आजोबा कधीही थेट पान्हा उचलत नसत. आधी दिव्याकडे बघायचे, मग आवाज ऐकायचे, आणि मग हमखास एक प्रश्न: "शेवटचा हात कुणी लावला, आणि कुठे?" हा प्रश्न विचारला की माणसं चिडत. कुणालाच आपण हात लावला होता हे आठवायला आवडत नाही.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी कंपवात सांगितलं. घरी ते त्याबद्दल सरळ बोलायचे, पण बंदरावर हात खिशात ठेवायचे. आता सांगते ती दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नारळी पौर्णिमा पाच-सहा दिवसांवर आली होती. तुम्हाला माहीत आहे, त्या दिवशी कोळी आणि खाडीकाठची माणसं पाण्याला नारळ देतात आणि होड्या नव्या रंगात बाहेर पडतात. बाळारामची होडी रंगून तयार होती, फक्त इंजिन फिरत नव्हतं. त्याने फोन केला आणि मीही आजोबांबरोबर गेले, कारण एव्हाना मी त्यांना एकट्याला रिक्षात बसू देत नसे.

ते होडीत उतरलेच नाहीत. काठावर बाळारामच्या बायकोने, ताराबाईने, प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती, तिच्यावर बसले. भोवती सात-आठ जण जमले होते. "दिवा?" "लागतो, काका. झकास. चावी फिरवली तरी तसाच." "आवाज?" "टक्. येकदाच. मंग काय नाय." आजोबा म्हणाले, "सेल्फ गेली. काढ आणि कल्याणला दुरुस्तीला दे." एवढं बोलून उठले. मला आश्चर्य वाटलं, कारण त्यांचा तो नेहमीचा प्रश्न आलाच नाही. वाटलं, थकले असतील.

सेल्फ कल्याणला गेली, दोन दिवसांनी परत आली, बसवली. इंजिन जागचं हललं नाही. दुसऱ्या दिवशी मी मासळी घ्यायला बंदरावर गेले होते, तेव्हा जाळी विणत बसलेल्यांपैकी एक जण दुसऱ्याला म्हणाला, "काकांचा हात गेलाच व्हता, आता डोका पन गेला." मी त्यांच्यामागे उभी होते. ताराबाईने त्याला झापलं, "तोंड सांभाल रे, काकी हायेत." तो ओशाळला. मला राग आला नाही. त्यांचा प्रश्न राहून गेला त्या रात्री तेच मी स्वतःशी म्हटलं होतं.

मी घरी काही सांगितलं नाही, पण बाळारामचा फोन आधीच येऊन गेला होता. तो बिचारा काही वाईट बोलला नसणार. आजोबा गॅलरीत बसले होते आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून धरले होते. मी चहा आणला तर म्हणाले, "मी आता बंदरावर जाणार नाही. लोक माझ्या शब्दावर यंत्रं उघडतात. तो शब्दच जर..." त्या माणसाला मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं ओळखत होते आणि त्यांच्या आवाजात भीती पहिल्यांदा ऐकली. मी खुर्ची ओढून शेजारी बसले. मला करण्यासारखं काहीच दिसत नव्हतं. आम्ही गॅलरीच्या जाळीतून समोरच्या इमारतीकडे बघत होतो.

मग त्यांनी विचारलं, "या जाळीचा राखाडी रंग उरला होता ना? डबा दिसत नाही."

"बाळारामला दिला," मी म्हटलं.

"होडीला? राखाडी?"

"होडीला नाही, इंजिनाला. किती कळकट दिसत होतं ते. पौर्णिमेला सगळं स्वच्छ हवं ना?"

ते माझ्याकडे वळले. "नुसता वरवर हात फिरवला असेल त्याने."

"मुळीच नाही. मी त्याला नीट सांगितलं होतं. आधी सगळ्या वायरी सोडव, खाली घासून घे, दोन हात दे, पूर्ण वाळू दे आणि मगच वायरी परत आवळ."

आजोबा हसायला लागले. कित्येक महिन्यांत ते असे हसले नव्हते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी गोंधळून बघत राहिले. "अगं बाई," ते म्हणाले, "तू सांगितलं नसतंस तर त्याने वायरींवरूनच ब्रश फिरवला असता आणि इंजिन चाललं असतं. तुझ्या शिस्तीने मारलं त्याला." बॅटरीकडे परत येणारी वीज इंजिनाच्या अंगाला बोल्टने आवळलेल्या एका जाड काळ्या केबलमधून येते. मी सांगितल्याप्रमाणे बाळारामने ती सोडवली होती, खालचं उघडं लोखंड दोन हात देऊन रंगवलं होतं आणि त्या गुळगुळीत रंगावर केबल पुन्हा घट्ट बसवली होती. तेलरंगातून वीज जात नाही.

मी म्हटलं, "पण दिवा तर झकास लागत होता." ते एकदम गंभीर झाले. "तेच तर. दिव्याची वायर सरळ बॅटरीवर आहे. आणि सेल्फने जोर घेतला असता तर दिवा मंदावला असता. तो मंदावला नाही, म्हणजे वीज सेल्फमधून फिरतच नव्हती. हे मी कारखान्यात नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवायचो. तारांना टेस्ट लॅम्प लावला असता तर एका मिनिटात कळलं असतं." "मग लावला का नाही?" त्यांनी तळवे मांड्यांखालून काढले आणि माझ्यासमोर धरले. "सगळे बघत होते," ते म्हणाले.

आम्ही तसेच रिक्षा करून गेलो. ओहोटी होती, होडी चिखलात कलली होती. आजोबांना उतरणं शक्य नव्हतं. मी साडीचा पदर खोचला आणि बाळारामचा हात धरून आत गेले. आजोबा काठावर खुर्चीत बसून बोलत होते, भोवती पुन्हा तीच माणसं जमली होती. "आधी काही सोडवू नकोस. बाळाराम, तुझी ती जादा केबल घे. एक टोक बॅटरीच्या वजा बाजूला, दुसरं इंजिनावर जिथे रंग नाही अशा बोल्टवर दाबून धर. हां. आता चावी." मी चावी फिरवली. इतके दिवस मुकं पडलेलं इंजिन गरगर फिरलं आणि धडधडायला लागलं. मी एवढी दचकले की बाकावरच बसले. मग ते बंद करून, बॅटरीकडचं टोक आधी सुटं करून, मी तो बोल्ट काढला. पॉलिश पेपरने घासायला लागले. राखाडी रंगाखालून काळपट लोखंड दिसलं, मग पांढरं. "अजून," काठावरून आवाज आला. "चकाकलं पाहिजे." माझ्या पोलक्याच्या बाह्या काळ्या झाल्या होत्या. केबल आवळली, वरून ग्रीस लावलं, चावी फिरवली. इंजिन पहिल्या दमात लागलं.

मला सगळ्यांना सांगायचं होतं की रंग मी दिला होता. मी तोंड उघडलं, पण त्याआधी आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले. हात खिशात नव्हते, आणि खूप थरथरत होते. म्हणाले, "चूक माझी. मी न तपासता सेल्फ काढायला लावली. बाळारामची फुकट खेप झाली." तोच जाळी विणणारा म्हणाला, "काका, तुमी नुसता सांगा. काकींना मिस्त्री म्हनून ठेवू आमी." सगळे हसले, आजोबाही. ताराबाईने आम्हाला बोंबील बांधून दिले आणि काही केल्या परत घेईना.

त्यानंतर वर्षभर आम्ही असेच जात होतो. ते खुर्चीत आणि मी होडीत. पूल सुरू झाला आणि तरीची माणसं संपली, पण बाळारामची मासेमारी चालू होती. मग आजोबांना जिना उतरवेना, आणि मग पलंगावरून उठवेना. शेवटच्या दिवसांत मी त्यांचे हात माझ्या हातांत धरून बसायची. धरले की थरथर जराशी कमी व्हायची. त्या सकाळी ती पूर्ण थांबली आणि मला आधी वाटलं, बरं वाटतंय...

नंतरचे आठवडे तुम्हाला काय सांगू. तुमचे बाबा आले, तेरा दिवस राहिले, गेले. घर इतकं नीटनेटकं राहतं की मला सहन होत नाही. कुणी काही उघडून ठेवत नाही. मी एकटीसाठी दोन कप चहा टाकते आणि दुसरा ओतून देते. बोलायला तोंड उघडावं लागतं ते फक्त दूधवाल्यापाशी आणि रविवारी तुमच्यापाशी.

परवा बाळारामचा फोन आला. "काकी, पुनव आली. होरी रंगवून झाली. बगाला येताव ना?" मी नाही म्हणणार होते. रिक्षात शेजारी रिकामी जागा ठेवून त्या रस्त्याने जाणं मला नको होतं. पण त्याने फोन ठेवला नाही, नुसता थांबून राहिला, आणि मी हो म्हटलं.

काल गेले. होडी निळी-पांढरी झाली होती. ताराबाईने खुर्ची आणली, मी तिच्यावर बसले नाही. बाळारामने हात दिला, मी आत गेले. इंजिनावर या वर्षी हिरवा रंग होता, ताजा, सगळीकडे एकसारखा, नळ्यांच्या मागेसुद्धा. फक्त काळी केबल जिथे आवळली आहे तिथे त्याने ब्रश थांबवला होता. केबलच्या टोकाच्या कडीभोवती बाटलीच्या झाकणाएवढं लोखंड उघडं होतं, घासून चकचकीत केलेलं, वर ग्रीसचा पातळ थर. मी बाळारामकडे बघितलं. तो दोर सोडत होता. "काकांनी सांगलेला," एवढंच म्हणाला, "त्या जागंला कंदीच रंग लावाचा नाय."

होडी चालते. चावी मी फिरवली होती, इंजिन पहिल्या दमात लागलं. त्याच्या डाव्या अंगाला तेवढी एक जागा रंगाशिवाय आहे.