परतीच्या पिंपातली पानं

पहाटे चारला तिचा दिवस सुरू व्हायचा. गजर ती लावत नसे. एकाच खोलीत नवरा, सासू आणि दोन मुली झोपलेल्या. गजर वाजला असता तर सगळं घर जागं झालं असतं. ती अंधारातच चाचपडत उठायची, गॅस पेटवायची, डबे भरायची आणि उजाडायच्या आत हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात हजर व्हायची.

तिथला बॉयलर माझ्याकडे होता. मी तिच्याही आधी येई, कारण वाफ तयार नसेल तर आत कुणालाच काम नाही. नोकरीत मी पुष्कळ माणसं पाहिली. कामावर येणारी वेगळी आणि काम करणारी वेगळी. ही काम करणारी होती, म्हणून तिच्याबद्दल लिहितो आहे.

तिला सगळे घडीवाली म्हणत. चादरी मोठ्या यंत्रांतून धुऊन, पिळून, वाळून निघत, वाफेवर तापलेल्या रोलरखालून जात आणि गरम गरमच तिच्या टेबलावर पडत. तिनं चादर उचलायची, खिडकीच्या उजेडासमोर धरायची, वरून खाली एक नजर फिरवायची आणि घडी घालायची. डाग दिसला तर घडी नाही. टेबलाच्या डाव्या अंगाला एक निळं पिंप होतं. त्याला परतीचं पिंप म्हणत. डागी चादर त्यात जायची. डाग नखाएवढा असो की ताटाएवढा, विचार करत बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी तीच चादर स्वच्छ होऊन पुन्हा टेबलावर येई.

ऑपरेशनच्या खोलीत एक जरी डागी कापड गेलं, तरी अख्खा गठ्ठा परत येतो आणि त्याच्याबरोबर वरिष्ठांची बोलणी. म्हणून आमच्या मुकादम बाईंचा दिवसभर एकच धोशा असे, "डाग पुढं जाता कामा नये." घडीवालीनं हे वाक्य अकरा वर्षं ऐकलं. ते तिच्या हातात उतरलं होतं. आमच्याशी बोलता बोलता, तिकडे न बघता, ती डागी चादर पिंपात टाके.

नववीत असताना तिची शाळा सुटली. आई आजारी पडली, पाठची भावंडं लहान, घरात दुसरं मोठं बाईमाणूस नाही. मग लग्न, मग मुली. याचं रडगाणं तिनं कधी गायलं नाही. थोरली मुलगी सहावीत गेली आणि गणितं विचारायला लागली, तेव्हा मात्र हिची पंचाईत झाली. "बाबांना विचार," असं ती सांगे आणि बाबा म्हणे, "आईला विचार." तो मालाची गाडी चालवायचा आणि त्याचं शिक्षण हिच्याहून कमी होतं.

शिक्षण अर्धवट राहिलेल्या बायकांना पुन्हा शिकवणारी एक संस्था आमच्याकडे होती. लोकांच्या देणग्यांवर चालायची. दुपारी वर्ग. दहावीची तयारी करून घेत. फी, पुस्तकं आणि येण्याजाण्याचं भाडं, सगळं शिष्यवृत्तीतून. अट एकच: सहामाही परीक्षेत पास व्हायचं. नापास झाली की शिष्यवृत्ती बंद आणि ती वाट बघत असलेल्या दुसऱ्या बाईला; वर्गात बसायचं तर फी स्वतः भरायची. अट मला योग्य वाटली. फुकट मिळतंय म्हणून येऊन बसणारेही असतात.

हिला दहावी कशाला हवी होती, तेही सांगतो. हॉस्पिटलमध्येच शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचा विभाग होता. तिथे दहावी पास माणूस घेत. पगार बरा आणि बरंचसं काम बसून. धुलाईखान्यात उभं राहून राहून तिचे पाय सुजायला लागले होते. ती बोलत नसे, पण दुपारनंतर चपलेचा पट्टा बसत नसे, ते दिसायचं.

तिनं नाव घातल्याची बातमी मुकादम बाईंनी चहाच्या वेळी फोडली.

"ऐकलंत का काका? आपली घडीवाली शाळेत चाललीय. उद्यापासून दोन वेण्या घालून येईल."

"रिबिनी तुम्ही आणून द्या बाई," ती म्हणाली.

"आणते की. सासू काय म्हणते?"

"म्हणतात, पहिली आलीस तर आम्ही काय तुझ्या पाया पडायचं का."

"झालं मग."

"पण पोरींना मी बघते, तू जा, असंही म्हणाल्या."

"बरी आहे की गं म्हातारी."

"बरीच आहे. बोलायला फटकळ, एवढंच."

मग ती रोज पाळी संपली की वर्गाला जायला लागली. सकाळी घड्या घालता घालता तिचे ओठ हलत. सूत्रं म्हणायची. चादरींवर मंत्र टाकतेय, असं मुकादम बाई म्हणत. चहाच्या सुट्टीत बाकीच्या बायका पाय पसरून बसत तेव्हा ही माझ्या बॉयलरच्या खोलीत येऊन पुस्तक उघडे. तिथे उकाडा असतो म्हणून कुणी फिरकत नाही. तिला तेच हवं होतं.

सहामाहीचा निकाल लागला. ती तीन विषयांत नापास होती. गणितात शंभरपैकी एकोणीस.

तिसऱ्या दिवशी ती बॉयलरपाशी येऊन उभी राहिली.

"काका, रविवारचं जादा काम मिळेल का? तुम्ही बाईंकडे शब्द टाका."

"कशाला?"

"शिष्यवृत्ती बंद होणार. महिनाअखेरपर्यंतच आहे. पुढची फी मीच भरीन म्हणते."

"आणि अभ्यास कधी करशील?"

उत्तर तिलाही माहीत होतं. रविवार हा तिचा अभ्यासाचा एकच मोकळा दिवस. फी भरण्यासाठी तो विकायचा म्हणजे फी भरून पुन्हा नापास व्हायचं. तरी मी शब्द टाकला आणि मुकादम बाईंनी रविवार दिले. ती आली. पाय ओढत आली, पण एकही रविवार चुकला नाही.

मला ही गोष्ट पटत नव्हती. तिनं आळस केला असता तर मी काही बोललो नसतो. मेहनत करूनही माणूस कमी पडतो, तेही मला ठाऊक आहे. पस्तिसाला दोन-चार कमी पडले असते तर मी समजलो असतो. एकोणीस मात्र काही केल्या समजत नव्हते.

आणखी एका माणसाला ते समजत नव्हते. त्या वर्गाच्या गणिताच्या बाई. तिशीच्या आतल्या, बारीक अंगाच्या, भरभर बोलणाऱ्या. एके दिवशी पाळी संपायच्या आधीच त्या धुलाईखान्यात आल्या आणि घडीच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"फळ्यावर ही सगळं बरोबर सोडवते हो," त्या मुकादम बाईंना सांगू लागल्या. "बाकीच्या हिला विचारून करतात. आणि पेपरात दोन पानं. मोत्यासारखं अक्षर, एक खाडाखोड नाही. पण दोनच पानं. घाबरतेस का गं तू?"

"नाही बाई," घडीवाली म्हणाली. हात चालू होते. एक चादर उजेडासमोर धरली आणि पिंपात टाकली.

"ती चांगली होती की."

"डाग होता."

"मला नाही दिसला."

घडीवालीनं चादर परत काढून दाखवली. टाचणीच्या डोक्याएवढा पिवळा ठिपका होता.

"एवढ्यासाठी अख्खी चादर?"

"इथं डागात लहान-मोठं नसतं."

गणिताच्या बाई पिंपाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पेपरात चुकून काही खोडावं लागलं, तर तू काय करतेस?"

"ते पान बाजूला काढते."

"बाजूला म्हणजे?"

"बाकावर डावीकडं ठेवते. नंतर पुन्हा स्वच्छ लिहून द्यायचं म्हणून."

"आणि लिहिलंस?"

"कुठलं? घंटा झाली."

"मग ती पानं कुठायत?"

"केराच्या टोपलीत टाकली. डागी पानं कशी देणार, बाई?"

त्यांच्या परीक्षेत सुटे कागद देत आणि शेवटी दोऱ्यानं बांधायला सांगत. हिनं दर पेपरात खाडाखोड झालेला प्रत्येक कागद वेगळा काढला होता आणि स्वच्छ तेवढेच बांधून दिले होते. आमच्याकडे टाकलेली चादर दुसऱ्या दिवशी धुऊन येते. परीक्षेत ती सोय नाही, हे तिला तीन तासांनी कळलं. तरीही डागी माल पुढं पाठवायला हात धजला नाही.

मुकादम बाई आधी हसल्या. मग तो धोशा कुणाचा होता ते ध्यानात आलं असावं, कारण हसू अर्ध्यावरच थांबलं. गणिताच्या बाई स्वच्छ घड्यांच्या गठ्ठ्यावरच बसल्या. तिथे बसायची मनाई आहे, पण त्या दिवशी कुणी त्यांना उठवलं नाही.

"अगं, किती पानं होती?"

"गणिताची आठ-नऊ असतील."

"मला ती हवी होती. खोडलेल्यालाही गुण असतात, बाई माझे. रीत बरोबर असेल तर देतो आम्ही."

"हे कुणी सांगितलंच नाही."

"हे सांगावं लागतं, हे मला तरी कुठं माहीत होतं," त्या म्हणाल्या.

त्या तशाच संस्थेच्या मॅडमकडे गेल्या. शिष्यवृत्तीचा निर्णय मॅडमच्या हातात. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की केरात गेलेल्या पानांवर गुण देता येत नाहीत आणि नियम सगळ्यांना सारखा. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. पण त्यांनी एक संधी दिली. तिन्ही विषयांची परीक्षा पुन्हा, त्यांच्या समोर. जे लिहील ते सगळंच्या सगळं द्यायचं. यात पास झाली तर शिष्यवृत्ती चालू. नाही तर ती दुसरीला.

तयारीला दोन आठवडे होते. गणित तिला येत होतं. तयारी करायची होती ती डाग पुढं पाठवण्याची. ऐकायला सोपं वाटतं. अकरा वर्षं हाताला जे वळण लावलं, ते दोन आठवड्यांत मोडायचं, हे काम सोपं नाही.

ते काम मुकादम बाईंनी अंगावर घेतलं. रोज चहाच्या वेळी बॉयलरच्या खोलीत ही पेनानं गणितं सोडवायची आणि बाई समोर खुर्ची टाकून बसायच्या. खाडाखोड झाली की हिचा हात कागदाच्या कडेला जाई.

"हात खाली," बाई म्हणायच्या. "असू दे डाग."

"बघवत नाही हो."

"मला तरी कुठं बघवतोय? मी गिळतेय ना? पुढं लिही."

एकदा हिनं एक ओळ तीनदा खोडली. बाईंचाच हात कागद ओढायला पुढं झाला. मी डोळे मोठे केले तसा त्यांनी तो मागं घेतला आणि पदरात गुंडाळला.

"काका, वीस वर्षांची सवय आहे," त्या म्हणाल्या.

"मग दोघींनी परीक्षेला बसा."

पहिल्या आठवड्यात ती दर पानाशी अडे. दुसऱ्या आठवड्यात खोडून पुढं जायला लागली, पण मान वळवून. खोडलेल्या ओळीकडे बघायची नाही. शेवटी तीच युक्ती ठरली. चुकलं की एक रेघ मारायची आणि तिकडे परत बघायचंच नाही.

परीक्षेच्या दिवशी तिच्या टेबलावर मुकादम बाई स्वतः उभ्या राहिल्या. घड्या घालायची सवय मोडलेली, त्यामुळे गठ्ठे तिरपे लागले. मी दोनदा वाफेचा दाब बघायच्या निमित्तानं आत जाऊन आलो. दाब ठीक होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती आली तेव्हा आम्ही दोघं दारातच होतो.

"काय झालं?"

"सगळी पानं दिली."

"किती?"

"मोजली नाहीत. लाज वाटत होती. घाईघाईत बांधली आणि मॅडमच्या हातात दिली."

पुढचा आठवडा वाईट गेला. ती काम करत होती, रविवारीही आली, पण ओठ हलायचे थांबले होते. मग एका सकाळी मुकादम बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. बाईंनी "हो, हो" एवढंच म्हटलं, फोन ठेवला आणि रोलरच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं, "तिन्ही विषय सुटले. गणितात एकाहत्तर."

घडीवालीनं हातातली चादर टेबलावर ठेवली. घडी न घालता ठेवली. मग खाली पिंपाला टेकून बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. रोलरवरून चादरी येत होत्या त्या बाकीच्यांनी उचलल्या. मी वाफ थोडी कमी केली. तेवढा वेळ तिचा हक्काचा होता.

नंतर मुकादम बाईंनी मॅडमचा निरोप पुरा सांगितला. मॅडम म्हणाल्या होत्या, "इतका घाणेरडा पेपर मी आजवर तपासला नाही. तिला सांगा, असंच लिहीत जा."

शिष्यवृत्ती चालू राहिली. पुढं ती दहावी झाली, निर्जंतुकीकरणात गेली आणि आज तिथे खुर्चीवर बसून काम करते. माझ्यानंतर बॉयलरवर आलेल्या माणसाला वाफ कमी आली की फोनवर झापते, असंही ऐकतो.

रविवारच्या मजुरीचं सांगायचं राहिलं. फी भरायला म्हणून तिनं ती बाजूला ठेवली होती आणि आता फी भरायची नव्हती. निकालानंतर पहिल्याच दिवशी तिनं मुकादम बाईंना सांगून रविवारच्या कामातून नाव काढून घेतलं. पैशाचं काय करणार, असं मी विचारलं तेव्हा "बघू" म्हणाली. महिन्याभरानं तिनं आपण होऊन सांगितलं. सासूबाई रोज सगळ्यांना वाढून मग मागून एकट्या जेवत, आणि प्रत्येक घास पाण्यात भिजवून मऊ करून खात. तोंडात चार दात उरले होते. कित्येक वर्षं हे चाललं होतं आणि घरात कुणी त्यावर बोलत नव्हतं.

"दातांच्या डॉक्टरकडं नेलं," ती म्हणाली. "आधी खूप बोलल्या. पैसे काय झाडाला लागतात का म्हणाल्या. मग बसल्या खुर्चीत."

"मग?"

"काल पहिल्यांदा आमच्याबरोबर बसून जेवल्या. काही न भिजवता."

त्या रविवारांच्या मजुरीतून सासूबाईंची कवळी आली.