खैरटोल्याच्या तोफेचा गाडा

किरनापूरच्या बाजारात एखादी बैलगाडी भरल्या धानानिशी चढण चढून आली आणि तिच्या चाकांनी हूं की चूं केलं नाही, की बघणारे विचारायचे, "खैरटोल्याचं चाक होय का?" ते चाक सुखराम वाढयाचं, म्हणजे सुताराचं, असायचं. सुखराम अंगानं काटक, बोलायला कमी. गिऱ्हाइकाशी दोन शब्द, बायकोशी त्याहून कमी. गावात म्हणायचे, सुखरामच्या घरी लाकूड तासायच्या वाकसाचाच काय तो आवाज.

पूर्वी असं नव्हतं. त्याला एक लेक होती, शीला. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेली. बोलायला लागली तशी थांबलीच नाही. गावाबाहेर तळ्याच्या पाळीवर चिंचेखाली एक जुनी तोफ पडलेली होती, अर्धी मातीत रुतलेली. ती कोणत्या राजाची, कोण सोडून गेलं, हे कोणी सांगू शकत नव्हतं. तिचा लाकडी गाडा केव्हाच कुजून लोकांच्या चुलीत गेला होता. ती तोफ म्हणजे पोरांचा घोडा. त्यातही सगळ्यांत पुढं, अगदी मानेवर, शीला बसायची. घोडा तहानला म्हणून ओंजळीनं तळ्याचं पाणी आणून तोफेच्या तोंडात ओतायची. तिची माय शेवंताबाई धुणं आपटता आपटता ओरडायची, "अवं पोरी, खाली उतर, पाय घसरन!" तर ही वरून उत्तर द्यायची, "माय, मी नागपूरले जाऊन राह्यली!"

त्या साली गावात माता आली, देवीची साथ. सुखराम तेव्हा लांजीकडे एका मालगुजाराच्या गाड्या बांधायला गेला होता. पाऊस लागून राहिलेला, नाले भरलेले, निरोप पोचायला उशीर झाला. तो चिखल तुडवत घरी आला तेव्हा दारात शेजारणी बसल्या होत्या आणि शेवंताबाई भिंतीला टेकून होती. काय झालं ते त्याला कोणी सांगावं लागलं नाही. त्यानं विचारलंही नाही. कशी गेली, काय म्हणाली, कुठं पुरली, काही नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात बसून त्यानं एक अर्धवट राहिलेलं चाक ओढलं आणि पटाशी घातली. शेवंताबाईनं आतून तो ठोका ऐकला. तिनंही मग काही सांगितलं नाही.

पुढच्या पावसाळ्यापासून तिचा एक नेम झाला. धुणं आटोपलं की ती तोफेजवळ थोडा वेळ बसायची. सणावाराला थोडी हळद लावायची. बायका बाजूनं जायच्या, कोणी हटकत नव्हतं. सुखरामला हे ठाऊक होतं. तो तळ्याच्या वाटेनं जाणं टाळायचा.

अशी सात-आठ वर्षं गेली. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात एक जीप धुरळा उडवत खैरटोल्यात शिरली. तालुक्याचे कोणी साहेब होते. सत्तावनच्या लढ्याला शंभर वर्षं होत होती, बालाघाटला मोठा समारंभ व्हायचा होता, आणि तिथल्या बगीच्यात ही तोफ गाड्यावर चढवून ठेवायची, असं ठरलं होतं. साहेबांनी तोफेला फेरी मारली, छडीनं माती टोकरली आणि गावच्या मोतीलाल पटलाला म्हणाले, "इसकी गाड़ी कौन बना सकता है?"

पटलानं सुखरामला बोलावणं धाडलं.

खरं सांगायचं तर सुखराम हरखला. जन्मभर धानाच्या आणि शेणखताच्या गाड्या केल्या, हे काम वेगळं होतं. तोफेच्या दोन्ही अंगांना लोखंडाचे कान होते, त्यांवर तिचा सगळा भार. तो भार पेलणारी चाकं कशी लागतील, आस केवढा लागेल, हे उभ्या उभ्याच त्याच्या डोक्यात फिरू लागलं. "होते, साहेब," तो म्हणाला, "तिवसाचं लाकूड भेटलं पायजे." आणि हे तोंडून गेल्यावर त्याची नजर तोफेच्या मानेकडे गेली. तिथं परवाच्या संक्रांतीची हळद वाळून चिकटलेली होती.

बायकोला कसं सांगावं, याचा विचार करत तो दारात आला, तर तिला कळलेलं होतं. पाणवठ्यावरून बातमी आधीच पोचली होती. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही.

"तुमीच करनार?" तिनं विचारलं.

"मी नाई केलं तं गोंदियाहून कोनी आनतीन."

"मंग तुमीच करा," ती म्हणाली. बराच वेळ खडे वेचत राहिली आणि मग म्हणाली, "नेतीनच तं नीट न्या. रस्त्यात पडाले नको."

तोफ बाहेर काढायलाच अख्खं गाव लागलं. भोवतीची माती खणली, तीन ओंडक्यांचा तिवडा उभा केला, साखळदंड लावले, पहारी घातल्या. ती हलली तेव्हा खालून ओल्या मातीचा वास उठला आणि गांडुळांनी भरलेला एक लांब खड्डा उघडा पडला. शेवंताबाई त्या दिवशी पाणवठ्यावर आली नाही.

जुना गाडा कसा होता हे सांगणारं कोणी नव्हतं. पण कोतवालाच्या गोठ्यात गव्हाणीची एक फळी भलतीच जाड होती, तिच्या वरच्या कडेला अर्धगोल खाच. सुखरामनं ती खाच पाहिली आणि समजला: तोफेचा कान इथं बसत होता. कोतवालाला दुसरी गव्हाण करून दिली आणि ती फळी घरी आणली. गुरांच्या जिभांनी चाटून गुळगुळीत झाली होती. तिच्यावरून त्यानं दोन्ही बाजू बेतल्या, तिवसाचे ओंडके जंगलखात्याच्या परवानगीनं आले, आणि अंगण भुशानं भरून गेलं.

तोफ घासायचं काम त्यानं आणि नथ्थू लोहारानं मिळून घेतलं. नथ्थू त्याचा लहानपणापासूनचा सोबती. विटेचा तुकडा, वाळू, घासलेट घेऊन दोघं गंजाचे पापुद्रे काढत बसायचे. बाहेरचं अंग उजळलं, मग तोंड साफ करायला घेतलं. आत मातीचा घट्ट बोळा बसलेला. नथ्थूनं लांब सळईला आकडा करून आत घातला आणि एकेक घास ओढू लागला. गांधीलमाशीचं वाळलेलं घर आलं, चिंचोके आले, फुटक्या बांगड्या, एक भोवरा. कोणाकोणाच्या पोरांनी लपवलेलं सगळं. शेवटी मातीच्या ढेकळातून चार-पाच गजगे निघाले, पोरी झेलून झेलून खेळतात ते राखाडी सागरगोटे.

सुखरामचा हात थांबला. शीलाजवळ असेच होते. जेवतानाही मुठीत धरून बसायची.

नथ्थू सळई खाली ठेवून तंबाखू मळत बाजूला जाऊन बसला.

सुखरामनं गजगे तळ्यात धुतले आणि उपरण्यात बांधून घरी आणले. इतक्या वर्षांत त्याला असं काही वाटलं नव्हतं. छातीत कोंबडीच्या पिलासारखं काहीतरी धडधडत होतं. शेवंताबाई चुलीपुढं होती. त्यानं उपरणं सोडून तिच्यापुढं धरलं. "पाह्य," तो म्हणाला, "तोफेतून निंघाले. शीलीचे."

लेकीचं नाव त्या घरात किती वर्षांनी उच्चारलं गेलं होतं. शेवंताबाईनं हात पदराला पुसले, एकेक गजगा उचलून उजेडाकडे धरला आणि परत ठेवला.

"तिचे नव्हत," ती म्हणाली.

"काहून? असेच होते ना वो."

"तिचे मी तिच्यासंगच देल्ले. मुठीतच होते. सोडतच नव्हती. मंग मी म्हटलं, राहू द्या."

सुखराम तसाच उभा राहिला. लेकीची मूठ मिटलेली होती, हे त्याला त्या दिवशी कळलं. त्याला पुढचं विचारायचं होतं. शेवंताबाईनं गजगे पुन्हा त्याच उपरण्यात बांधले. "कोनाच्या तरी लेकीचे हायत," ती म्हणाली. "पोरीसोरी खेळतात तठी पाळीवर ठेवून द्या."

तो ठेवून आला.

त्यानंतर मात्र ती अंगणात येऊन बसू लागली. चाकाच्या मधल्या तुंब्यात आरे ठोकताना चाक धरायला दुसरं माणूस लागायचं, तर ती न सांगता पुढं व्हायची. चाकांवर धाव चढवायच्या दिवशी गोवऱ्यांचा मोठा जाळ केला. लोखंडी धाव लालभडक तापली, नथ्थू आणि सुखरामनं सांडशीनं उचलून ती लाकडावर बसवली, धूर उठला, आणि "पानी! पानी!" म्हणताच शेवंताबाईनं घागर ओतली. धाव आवळली, सांधे कडकडून मिळाले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुरानं असेल, असं नथ्थूनं समजून घेतलं.

वैशाखात गाडा तयार झाला. जवसाचं तेल पिऊन लाकूड मधासारखं दिसत होतं. तोफ त्याच्या खाचांत बसली तेव्हा बघायला आलेले लोक तिच्याभोवती फेऱ्या मारू लागले. ती इतकी देखणी असेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

न्यायच्या दिवशी पटलाच्या बैलांच्या चार जोड्या जुंपल्या. साहेब जीप घेऊन आले होते, पाऊस सुरू व्हायच्या आत पोचवायची घाई होती. तेवढ्यात शेवंताबाई ताट घेऊन आली. हळद, कुंकू, तांदूळ, नारळ, एक हिरवा खण. तिनं तोफेच्या मानेला हळद लावली. खण कुठं ठेवावा ते तिला सुचेना, म्हणून तोफेच्या तोंडात सारला.

"माताजी, देर हो रही है," साहेब म्हणाले.

"झालंच, साहेब," ती म्हणाली. पण झालं नाही. तिनं दोन्ही हातांनी ते गरम लोखंड धरलं आणि त्याला गाल लावून उभी राहिली. बैल मान हलवत होते. गावातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. कोणीही तिला ओढलं नाही. शेवटी सुखराम गेला, तिचे हात सोडवले आणि म्हणाला, "मी संग जातो. पोचवून येतो."

चाकांनी वाटेत दगा दिला नाही. तीन दिवसांनी तो परतला तेव्हा ती दारातच होती. "पोचली?" "हौ. नीट पोचली." एवढंच बोलणं झालं.

तिचं बसणं मात्र तुटलं. धुणं ती आता विहिरीवर धुवायची. जेवण कमी झालं. रिकाम्या दुपारी काय करावं हे न कळल्यासारखी उंबऱ्यात उभी राहायची. पुढच्या उन्हाळ्यात सुखरामच म्हणाला, "चाल, तुले दाखवून आनतो."

किरनापूरहून मोटारीनं ते बालाघाटला गेले. बगीच्यात सिमेंटचा ओटा बांधून त्यावर तोफ चढवली होती. काळा रंग फासलेला. त्याच्या हातच्या लाकडावरही काळा रंग. पोरांनी कचरा टाकू नये म्हणून तोंड सिमेंटनं बुजवलं होतं. भोवती काटेरी तार. शेवंताबाईनं तारेतून हात घालायचा प्रयत्न केला, तर माळी धावत आला. "छूना मना है, बाई."

तिनं हात मागं घेतला. जरा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "चाला घरी. हे ते नव्हे."

मोटारीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. सुखरामला राहवेना. ज्या हातांनी चाकं केली त्यांकडे तो बघत होता. गावाच्या फाट्यावर उतरल्यावर त्यानं विचारलं, जे त्यानं त्या पावसाळ्यातच विचारायला हवं होतं. "तिले कुठी ठेवलं? मले दाखव."

शेवंताबाई थांबली. मग घराची वाट सोडून नाल्याकडे वळली. करंजाच्या झाडांतून उतरत दोघं काठावर आली. पुढं जमीनच नव्हती. उंच कापलेली दरड आणि खाली वाळू.

"अठी होती," तिनं हवेत हात दाखवला. "त्या वाळूच्या वरतं. पुढच्या सालच्या पुरात काठ गेला. मी पाहाले आली तं काहीच नव्हतं."

सुखराम तिथंच खाली बसला. सात-आठ वर्षं ती तोफेजवळ का बसत होती, तिला जायला दुसरी जागाच उरली नव्हती, हे त्याला आत्ता कळलं. "मले सांगतलं काहून नाई?" तो म्हणाला. "मी त्या गाड्याले हात लावला नसता."

"तुमी इचारलं कवा?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आन् तुमी नसता केला तं दुसऱ्यानं केला असता. गेलीच असती."

तो रडला. बायकोसमोर तो पहिल्यांदाच असा मोठ्यानं रडला, आणि शेवंताबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ऊन कलंडलं. पलीकडून गुरं पाण्यावर उतरली आणि पिऊन निघून गेली.

"सांग," तो शेवटी म्हणाला. "कशी गेली ते सांग."

ती त्याच्याशेजारी बसली, पदर सारखा केला, आणि ज्या सकाळी शीला अंगात कणकण आहे म्हणून अंथरुणातून उठली नाही, तिथून सांगू लागली.