मामांनी तिखट सोडलं

आमच्या मामांइतका आज्ञाधारक रोगी अख्ख्या लातूर जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका छळणाराही. वडील गेल्यावर आई मला घेऊन मुरुडला या भावाकडं आली, आणि पाठोपाठ मोठा दुष्काळ. घरची मोठी माणसं सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथं भाजल्या पिठाची गोड सुकडी वाटायचे. मामा म्हणायचे, मला गोड जात न्हाई, आणि आपली सुकडी माझ्यापुढं सरकवून गुळाचा काळा चहा पीत बसायचे. मी चाटूनपुसून खायची.

पुढं उस्मानाबाद जिल्ह्यातून फुटून लातूर जिल्हा झाला, घरात पहिली मी बी.ए. झाले, नव्या कचेरीत लागले, आणि मामांच्या छातीत जळजळ लागली. आडवं झालं की घशाशी आंबट पाणी, म्हणून रात्र भिंतीला टेकून काढायची. दोष मात्र हवेला, नळाला, एकदा तर सरकारला: "उस्मानाबादेत होतो तवा पोट गप होतं." शेवटी मीच त्यांना लातूरला डॉक्टरकडं ओढत नेलं. डॉक्टर पुण्याकडचे. म्हणाले, तिखट बंद, चहा बंद, नाहीतर अन्ननळीला जखम होईल. मामांनी हात जोडले आणि घरी येताच तिखटाचा डबा माळ्यावर टाकला.

महिना झाला तरी घास गिळताना मामांच्या डोळ्यांत पाणी. मी न कळवता मुरुडला गेले, तर ताटात हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा ढीग. मी म्हणाले, मामा, तिखट बंद होतं ना?

"बंदच हाय की. इचार मामीला, डबा खाली उतरला का. ह्यो ठेचा हाय."

आमच्याकडं तिखट म्हणजे लाल भुकटी, हे त्या डॉक्टरांना कोण सांगणार? चहाचं विचारलं तर म्हणे, "मी पीत न्हाई. कुणी दिला तर न्हाई म्हणत न्हाई." मुरुडच्या बाजारात त्यांना चहा न पाजणारा माणूस अजून जन्मायचा होता.

मी तावातावानं मामीला म्हणाले, त्या चहात ठेवलंय तरी काय? मामी भाकरी थापत म्हणाली, "आगं, दुष्काळात भूक मारायला धरला, तो सुटंना. सुकडी तर त्येंना लई आवडायची."



रविवारी चहाच्या वेळेला मी पीठ भाजून, गूळ घालून वाटीभर सुकडी केली. मामांपुढं सरकवली. म्हणाले, "मामा, मला गोड जात न्हाई. तुमी खा."

मामांनी माझ्याकडं पाहिलं नाही. वाटी मात्र चाटूनपुसून खाल्ली.

आता चहाच्या वेळेला सुकडीची वाटी असते, आणि ठेचाही बंद आहे. चहा दिवसाला दोन कपांवर आलाय. मामा आडवे होऊन झोपतात.