मासिकातल्या माणसाची पाठ

मास्टर मासिक हातात घेत, मधलंच एखादं पान उघडत, सूट घालून उभ्या असलेल्या देखण्या माणसाकडं क्षणभर बघत आणि मग पान उलटून त्याची पाठ शोधत. मागच्या पानावर अर्थातच पाठ नसायची. घड्याळाची नाहीतर दाढीच्या साबणाची जाहिरात असायची. मास्टर त्या जाहिरातीकडं जरा रागानंच बघत, पान पुन्हा सुलटं करत आणि मला विचारत, "हा जेवलाय का?"

मला विचारायचं कारण, मासिक माझं असायचं. सोलापुरात एसटी स्टँडच्या रस्त्याला माझा पेपरचा स्टॉल आहे, वडिलांच्या वेळेपासूनचा. वर्तमानपत्रं, पंचांगं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणि मागच्या दोरीला चिमट्यांनी लटकवलेली पुरुषांची इंग्रजी मासिकं. ती कोण घेतं, असं तुम्ही विचाराल. खरं सांगायचं तर फारसं कुणी घेत नसे, ती स्टॉलला शोभा म्हणून होती. पुरुषानं कसं दिसावं, काय खावं, कुठलं अत्तर मारावं, सुट्टीत कुठल्या बेटावर जावं, सगळं त्यात लिहिलेलं. आमच्याकडचा पुरुष सुट्टीत सासुरवाडीला जातो, त्याबद्दल मात्र एक ओळ नाही.

मास्टर म्हणजे विजापूर वेशीकडच्या एका बोळातले शिंपी. त्यांना नाव होतं, पण ते रेशन कार्डापुरतं. घरात दखनी, दुकानात मराठी आणि चिडले की दोन्ही एकदम. लग्नाचे कोट ही त्यांची खासियत. दरवर्षी दिवाळी झाली की ते माझ्याकडं येऊन एक मासिक विकत घेत. एकच. ते पुढची सगळी लग्नसराई त्यांच्या काउंटरवर असे. नवरदेव यायचा, पानं चाळायचा, एका फोटोवर बोट ठेवायचा आणि मास्टर तसा कोट शिवायचे. बोट ठेवण्याजोगं मासिक मिळालं तर हंगाम साधला. नाहीतर नवरदेव मासिक मिटून समोरच्या रेडिमेडवाल्याकडं जाणार आणि मास्टर मशिनवर हात ठेवून बसणार. दुकान चालायचं की बसायचं ते या एका निवडीवर होतं. त्यामुळं निवडीला अख्खी दुपार जायची, आणि तिच्याबरोबर माझं डोकंही.

मासिकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होऊन येत. "पिशवी फाडली की मग कुणी घेत नाही, मास्टर," मी म्हणायचो.

"तुमी कलिंगड टिचकी न मारता घेता का?" असं म्हणत ते पिशवीला नख लावत.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मला येतं असा त्यांचा समज होता आणि तो मोडावा असं मला कधी वाटलं नाही. मी अंदाजानं वाचून दाखवायचो.

"हिवाळ्यात पुरुषानं एकावर एक तीन कपडे घालावेत."

"हिवाळा कुटं हाय?"

"त्यांच्याकडं असेल."

"मंग त्यांनीच घ्यावं." मासिक बाद.

दुसऱ्यात चेहऱ्याची निगा असायची. सकाळी उठून आधी हे लावावं, मग ते लावावं, मग दोन्ही पुसून तिसरं लावावं. मास्टर शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "आणि कामाला कदी जातो ह्यो?" तिसऱ्यात पोटाच्या वड्या पाडण्याचे उपाय. वड्या पाडलेला माणूस मास्टरांना बघवायचा नाही. त्यांच्या मते तो कोटाचं गिऱ्हाईकच नव्हता, कारण कपडे घालायचा त्याचा विचारच दिसत नाही. आणि सगळ्यांत मोठी तक्रार म्हणजे हे लोक कोटाची बटणं लावत नाहीत. कोट उघडा सोडून, खिशात हात घालून, लांब कुठंतरी बघत उभे असतात. "बटन लावलं की कळतं, कोट कसा शिवलाय ते," मास्टर म्हणायचे. "हा भितोय."

आता पाठीचं. त्यांच्या या सवयीमागं एक लग्न आहे, आणि ते त्यांनी मला स्वतःच सांगितलं, हसत हसत, स्वतःच्या मांडीवर थापा मारत.

नातेपुत्याचा एक नवरदेव पहाटेच्या एसटीनं उपाशीच आला होता. त्यानं मासिकातल्या एका फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "डिट्टो असाच पायजे." फोटोतला कोट अंगाला कातडीसारखा बसलेला, पँटही तशीच. मास्टरनी डिट्टो शिवला. ट्रायललाही नवरदेव तसाच उपाशीपोटी आला, आरशापुढं उभा राहिला आणि आरशात हुबेहूब मासिक दिसलं. "माझ्या डोळ्यात पानी आलं, इतका डिट्टो," मास्टर म्हणायचे. लग्नात नवरदेव जेवला. चांगला तुडुंब जेवला. मग थोरल्या माणसांच्या पाया पडायला निघाला. मामा झाले, मावशा झाल्या आणि आत्याच्या पायाशी कोट पाठीवर उभा फाटला. त्याला सोबत म्हणून पँटही गेली. उरलेल्या नातेवाइकांना नवरदेवानं कमरेला शाल गुंडाळून नमस्कार केला.

मास्टर कित्येक दिवस शिलाईतली चूक शोधत बसले होते. शेवटी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका फोटोग्राफरनं त्यांना सांगितलं की मासिकात फोटो काढताना कोट मागून गोळा करतात आणि चिमटे लावतात, म्हणजे पुढून घट्ट दिसतो. मास्टर खालीच बसले. मला सांगताना त्यांनी माझ्या दोरीवरच्या चिमट्यांकडं बोट केलं. "ह्येच. असलेच. म्हणजे पुढून साहेब आणि मागून वाळत घातलेलं धुणं."

त्या दिवसापासून मास्टर चित्रातल्या माणसाची पाठ शोधायला लागले आणि दुकानात उपाशी माणसाची ट्रायल बंद झाली. "जेवून या," हे ते पावतीबरोबर सांगायचे. वळसंगचा एक नवरदेव नेमका चतुर्थीला आला, उपासाचा. मास्टरनी त्याला अंगात कोट घालू दिला नाही. बरोबरचा बाप भडकला. "अवो मास्टर, माप कापडाचं घ्यायचंय, पोटाचं न्हाय."

"कापडाला भूक लागत न्हाय, काका. तुमच्या पोराला लागती की. उद्या या, भाकरी खाऊन या."

ते दोघं दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, ढेकर देत. रमजानमध्ये तर मजाच असायची. मास्टर स्वतः पाण्याचा थेंब न घेता बसलेले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला दटावून विचारताहेत, पोटभर जेवलास न्हवं? नसेल जेवला तर शेजारून भज्यांची प्लेट मागवत आणि तो खाईपर्यंत दुसरीकडं बघत बसत. या माणसावर मी मनापासून माया केली, ती या प्लेटीसाठी.

एका वर्षी निवड जमेना. सगळी मासिकं वड्यावाल्यांनी भरलेली. तेवढ्यात एका मासिकाच्या शेवटच्या पानांत एक म्हातारा गोरा माणूस निघाला. खुर्चीत ऐसपैस बसलेला, मांडीवर ताटली, तोंडात घास, आणि कोटाचं बटण लावलेलं. सुटलेल्या पोटावरही ते बटण निवांत होतं. मास्टरनी पान उलटलं नाही. बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "हा जेवतोय." एका पानासाठी अख्खं मासिक घेऊन गेले.

त्या हंगामात जो येईल त्याला 'खुर्चीवाला' पाहिजे. उजनीच्या पाण्याकडचा एक केळीवाला आला, त्याचा कोट बघून त्याचा धाकटा भाऊ आला, आणि दोघांचे कोट बघून ज्याचं स्वतःचं लग्न धोतरावर झालं होतं तो त्यांचा बापही आला. म्हणाला, "लगीन न्हाय करायचं आता, पर बसायला बरा हाय." ईदला मास्टर माझ्याकडं शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले. "म्हाताऱ्यानं हंगाम काढला," ते म्हणाले. मला वाटलं, मासिक छापणाऱ्याला हे कुणीतरी कळवायला पाहिजे. मी काही कळवलं नाही. इंग्रजीचा प्रश्न होता.

पुढं समोरच्या रेडिमेडवाल्यानं काचा लावल्या, एसी लावला, दारात पुतळे उभे केले. नवरदेव खिशातून फोन काढायला लागले. "फोनमदल्या मानसावर बोट ठिवलं की तो पळून जातो," मास्टर म्हणायचे. हसायचे, पण पूर्वीसारखी मांडीवर थाप नसायची. इकडं माझ्याकडची मासिकंही एकेक करून यायची बंद झाली. आता ऑनलाइन वाचा म्हणे. दोरी रिकामी झाली, तिच्यावर मी वेफर्सची पाकिटं लावली.

मागच्याच्या मागच्या दिवाळीला मी पुण्याहून खास मास्टरांसाठी एक मासिक मागवून घेतलं. ते आले, पिशवीला नख लावलं, मी वाचायला लागलो. त्यांनी सगळं ऐकलं, पानापानावर थांबले, पण कशालाच नाव ठेवलं नाही. मला ते मुळीच आवडलं नाही. मी मुद्दाम वड्यांचं पान दोनदा वाचलं, तरी त्यांनी नुसतं पुढचं पान काढलं. शेवटी मासिक मिटून त्यांनी परत पिशवीत घातलं आणि फाटलेलं तोंड बोटांनी दाबून चिकटतंय का बघितलं.

"चांगलं हाय," म्हणाले. "पण बोट कोन ठिवनार?"

आणि रिकाम्या हातानं गेले. मला आधी राग आला, पुण्याहून मागवलं होतं म्हणून. मग ते मासिक मी वेफर्सच्या पाकिटांशेजारी दोरीला चिमट्यानं टांगलं. त्या हंगामात त्यांचं शटर उघडलंच नाही.

गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नासाठी बायकोनं मला त्या काचेच्या दुकानात ढकललं. मी एक पँट घालून बघितली, ती पायाखाली लोळायला लागली. विक्रेत्या पोरानं "आल्टर" अशी हाक मारली आणि जिन्याखालच्या मशिनवरून गळ्यात टेप घातलेले मास्टर उठून आले. ते फरशीवर उकिडवे बसले आणि माझ्या पँटचा काठ दुमडायला लागले. त्यांना गिऱ्हाइकाच्या पायाशी बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. कुठं बघावं ते मला कळेना.

"हितं कसं काय मास्टर?" मी कसंबसं विचारलं.

"बरं हाय. पंखा हाय. चूक कंपनी करती, मी नुसता दुरुस्त करतो." मग टाचणी लावता लावता, मान वर न करता, अगदी हळू म्हणाले, "ही नक्को, शेठ. कापड खोटं हाय. दोन धुन्यात गुडग्याला फुगे येतील."

पोरगा शेजारीच उभा होता. मी मोठ्यानं सांगितलं की रंग आवडला नाही. मग एकेक पँट उचलून मास्टरांच्या भुवईकडं बघत राहिलो. एका करड्या पँटला भुवई हलली, ती घेतली. शेजारी मशिन असताना त्यांनी तिचा काठ हातानं टाचून दिला.

यंदा पावसाळ्यात दुसरी घ्यायला गेलो, तर जिन्याखाली खोकी रचलेली. "ते काका वारले की, उन्हाळ्यात," पोरगा म्हणाला. "आल्टर आता बाहेरून करून घ्या."

पँट घेतली आणि तशीच घालतो. खाली दुमडतो, चालता चालता घडी सुटते, मग रस्त्यात थांबून, वाकून पुन्हा दुमडतो. बायको म्हणते, कुणाकडं तरी टाका, सोलापुरात मास्टर काय कमी आहेत. कमी नाहीत. टाकतो म्हणतो, आणि पुढच्या वळणावर पुन्हा वाकतो.